कपाळ मोकळं का?

“…मग माफी मागायची का नाही, तेवढंच सांगा ना महाराज!”

गुंडाबुवांनी डोळे मिटले.

झोप आली नव्हती. पण डोळे मिटले की काही माणसं कंटाळून उठून जातात, हा त्यांचा जुना अनुभव.

हा उठेना.

मठ तरी केवढा? पत्र्याचं छप्पर, आत कुठल्या तरी सिद्धाची समाधी, बाहेर ओटा. ओट्यावर बुवा. आणि दिवस उगवल्यापासून समोर कोण ना कोण. कुणाची म्हैस आटली, कुणाची सून नांदेना, कुणाच्या पोराला नोकरी लागेना. सगळ्यांना उत्तर पाहिजे, आणि तेही एस्टी निघायच्या आत.

बुवांचे पाय सुजले होते. दम्यानं छातीचा भाता झाला होता. दुसऱ्याचं ऐकून ऐकून माणूस किती थकतो, हे कुणाला सांगावं तर त्यालाही ऐकायला वेळ नसतो.

“महाराज… ऐकताय ना?”

“ऐकतोय बाबा. कान झाकायला पापण्या दिल्या नाहीत देवानं.”

पोरगं तिशीच्या आतबाहेरचं. नाव मिहीर कवठेकर. तालुक्याच्या गावी टिकली-कुंकवाचा मोठा कारखाना आहे, तिथं हा साहेब. मांडीवर उघडा लॅपटॉप, पायांत मोजे. बूट बाहेर काढले होते, मोजे काढायचं सुचलं नव्हतं.

“पुन्हा सांग,” बुवा म्हणाले. “सावकाश सांग. मी काय लई शिकलेला न्हाई.”

“सोपं आहे महाराज. टिकलीच्या पाकिटामागं एक नंबर असतो. बायका तो फोनवरून आम्हाला पाठवतात. त्यांचे पॉइंट जमतात. पॉइंटवर डबा मिळतो, पातेलं मिळतं. त्यामुळं कोण किती पाकिटं घेतं, कधी घेतं, कुठल्या दुकानात घेतं, सगळं आम्हाला कळतं. बसल्या जागी.”

“बसल्या जागी.”

“हो ना! पूर्वी कारखान्याच्या काही बायका होत्या, गावोगाव फिरायच्या. घरात जायच्या, चहा प्यायच्या, गप्पा मारायच्या. मग येऊन शेठला सांगत बसायच्या, अमकी असं म्हणाली, तमकी तसं म्हणाली. मी आलो आणि ते बंद केलं. गप्पांवर धंदा चालतो का? आकडा खोटं बोलत नाही महाराज.”

“बरं. पुढं?”

“पुढं मशीननं दाखवलं, की आमच्या हजारो बायकांनी टिकली घ्यायची बंद केली. वर्षानुवर्षं घेणाऱ्या. हळूहळू नाही, एकदम बंद. हरवलेलं गिऱ्हाईक म्हणतो आम्ही त्याला.”

“का बंद केली?”

“दुसऱ्या कंपनीची घेत असतील, असं धरलं.”

“धरलं.”

“आकड्यांवरून तसंच दिसत होतं. मग त्या सगळ्यांना आम्ही मेसेज पाठवला. माझीच कल्पना.” पोरानं जरा छाती काढली आणि पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं. “‘ताई, बरेच दिवस झाले. तुमची आठवण येते. कपाळ मोकळं का? हा मेसेज दुकानात दाखवा आणि पाकीट अर्ध्या किमतीत न्या.’”

बुवांनी आता डोळे उघडले.

“आई हाय का तुला?”

“आहे की.”

“कपाळाला लावते?”

“लावते. रोज. बाबा आहेत ना अजून…”

तो थांबला.

बुवा त्याच्याकडं बघत राहिले. खालच्या बांधावर कुणीतरी बैलाला शिव्या घालत होतं, तेवढाच आवाज.

“आमच्याकडं तिथं नुसतं ‘बंद’ असं आलं होतं महाराज,” पोरगं हळूच म्हणालं. “का बंद, त्याचा रकानाच नव्हता.”

“एवढ्या मोठ्या कारखान्यात एकालाबी उमजलं न्हाई?”

“त्या फिरणाऱ्या बायका असत्या तर कदाचित…” त्यानं वाक्य गिळलं. “आता ओरडा सुरू झालाय. बाजारात आमची पाकिटं जाळली. एकजण तर ऑफिसात येऊन काच फोडून गेला.”

“कोण?”

“कुणाचा तरी भाऊ.”

“काय म्हणत होता?”

“शिव्या देत होता महाराज. पहारेकऱ्यांनी बाहेर काढला. ऐकून घेण्यासारखं काही नव्हतं.”

“शिव्यांच्या मागं काय होतं?”

“ते… नाही कळलं.”

बुवांनी पाय लांब केले. सूज जरा दाबून बघितली. बोट ओल्या मातीत रुतावं तसं रुतलं.

पोरगं मात्र आता पुढं सरकलं. आवाज खाली आणला. चोरून काही दाखवायचं असावं तसं लॅपटॉप फिरवून बुवांच्या तोंडासमोर धरला.

“पण खरं सांगू? ज्यांना मेसेज गेला, त्यातल्या शंभरात तीसजणींनी पाकीट घेतलं. तीस! आमच्या धंद्यात दोन-तीन आल्या तरी पेढे वाटतात. ही हिरवी रेघ बघा.”

“काय हाय ही? पायवाट?”

“विक्री.”

“बरी चढलीया.” बुवा खोकले. “का घेतलं त्यांनी?”

“घेतलं ना!”

“आरं, पर का?”

“महाराज, तीस टक्के म्हणजे…”

“मी किती इचारलं न्हाई.”

पोरगं जरा चिडूनच म्हणालं, “म्हणून तर आलोय तुमच्याकडं. मला समजेना झालंय. चूक म्हणावी तर तीसजणी परत येतात. बरोबर म्हणावं तर काच फुटते. उद्या मोर्चा आहे. शेठ म्हणतात, आज संध्याकाळच्या आत सगळ्यांना माफीचा मेसेज गेला पाहिजे. तुमचं नाव आणि फोटो खाली टाकला तर तालुका शांत होईल. शेठ तुम्हाला मानतात, लोकही मानतात. नुसते हात जोडून एक फोटो. मी मोबाइलवर काढतो. मिनिटाचं काम आहे.”

“आणि न्हाई काढला तर?”

“तर माझी नोकरी गेली असं समजा.”

हे मात्र त्यानं साधेपणानं सांगितलं. सकाळपासून पहिलंच वाक्य, ज्यात ऐट नव्हती. बुवांना ते वाक्य आवडलं. बाकीचं पोर काही त्यांना आवडलं नव्हतं.

पण नाव द्यायचं म्हणजे काय? कुणाच्या जखमेला आपण लांबून हात जोडायचे, आणि ती जखम कसली ते बघायचंही नाही. बुवांनी आयुष्यात पुष्कळ चुका केल्या होत्या. नवी करायची ताकद राहिली नव्हती.

तेवढ्यात पायरीवर बायनाक्का आली.

कमरेला टोपली, टोपलीत पावट्याच्या शेंगा. मठात आठवड्याच्या वारी आमटी-भात असतो, त्याच्या शेंगा सोलायला ती येते. पदर डोक्यावरून घट्ट. उन्हानं रापलेलं तोंड आणि मोकळं कपाळ.

“कोण पावणं?” तिनं टोपली टेकवत विचारलं.

“टिकलीच्या कारखान्यातला साहेब हाय. बायने, तुला ह्यांचं काय आलं होतं का गं फोनवर?”

“आलं हुतं की.”

पोरगं ताठ झालं. मोजे सावरत मांडी घालून बसलं. खिशातून मोबाइल काढला.

“मावशी, तुम्हाला एकच प्रश्न विचारतो. आमचा मेसेज तुम्हाला कसा वाटला? एक ते पाचमध्ये सांगायचं.”

“म्हंजी?”

“म्हणजे एक म्हणजे अगदी वाईट वाटलं. पाच म्हणजे छान वाटलं.”

बायनाक्कानं बुवांकडं बघितलं. बुवा छपराकडं बघत होते.

“मोटा आकडा बरा का बारका बरा?”

“मोठा.”

“मग पाच घाला.”

पोरानं पाच घातला. चेहऱ्यावर उजेड पडला.

“आणि पाकीट घेतलंत?”

“घेतलं.”

“बघा महाराज! समाधानी गिऱ्हाईक.”

“झालं? कळलं तुला?”

“हो.”

“मग तो फोन ठेव खिशात, आणि शेंगा सोल.”

“मी?”

“हात हाईत न्हवं?”

पोरगं हसलं. कुणी हसलं नाही म्हणून थांबलं. बायनाक्कानं त्याच्यापुढं एक ढीग सारला. त्यानं एक शेंग उलटीकडून धरून ओढली, दाणा उडून समाधीपर्यंत गेला.

“शिरंकडनं धर,” ती म्हणाली. “कारखान्यात शेंगा न्हाईत वाटतं.”

तिघंही सोलायला लागले.

टोपलीत दाणे पडत होते. टप… टप. मध्येच बुवांचा दमा शिट्टी मारायचा. ऊन ओट्याच्या कडेवर आलं होतं. बुवांचा अंगठा दुखायला लागला, तरी ते सोलत राहिले.

“औंदा किडीनं खाल्लाय पावटा,” बायनाक्का म्हणाली.

“हं.”

“सुनंचं गुडघं धरल्यात. ह्या वयात. म्या पाणी शेंदती अन् ती बसून हाय. बोलायची सोय न्हाई.”

“मावशी, पण त्या मेसेजबद्दल जरा…”

बुवांनी ओंजळभर शेंगा उचलल्या आणि पोराच्या मांडीवर टाकल्या.

त्यानं तोंड मिटलं.

पुन्हा टप… टप.

“आमचं मालक शेळ्यांच्या बाजारला जायाचं,” बऱ्याच वेळानं ती म्हणाली. ती कुणाला सांगत होती कळत नव्हतं. नजर शेंगांवर. “येताना टिकलीचं पाकीट आणायचं. दुकानात जाऊन सोता मागायचं. बाप्यानं टिकली मागायची म्हंजी समदी हसायची. म्हणायचं, हसू देत. दात हाईत त्यांस्नी.”

“मग तेव्हापासून तुम्ही आमचीच…”

आणखी एक ओंजळ.

“महाराज, मी फक्त…”

आणखी एक. मांडी आता शेंगांनी भरून गेली होती. पोरानं हात वर केले, हरलो अशा अर्थानं, आणि खाली मान घालून सोलायला लागला.

“रातच्याला टिकली काढायची अन् आरशाला लावायची, अशी सवय मला. कडंनं निसती रांग. लाल, मरून, एक हिरवी बी हुती. मालक म्हणायचं, आगं, त्वांड बघायला तरी जागा ठीव.”

ती हसली. पोरगंही हसलं. या वेळी खरं हसलं.

“म्हातारी झाली तरी आरशावर रांगोळी, म्हणायचं.”

टप.

“गेलं तवा बाया आल्या. कपाळ पुसलं. त्ये म्या जाणून हुते, पुसत्यात. म्हनलं पुसा. पर माजी नणंद… सुरी घिऊन आरशाम्होरं बसली. एकेक टिकली खरवडून काढली. लई नेटानं. जसं काय आरशाचा बी नवरा मेलाय.”

पोरानं सोललेले दाणे टोपलीत टाकले.

“आरशाला वरखडं पडलं बगा. अजून हाईत.”

बुवांचे हात थांबले. ही बाई कित्येक वर्षं इथं येते. इथंच बसते. समोरासमोर बसून दोघांनी किती शेंगा सोलल्या त्याला हिशेब नाही. आणि हे त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं. जगाला वाटतं बुवा सगळ्यांचं जाणतात… काय कप्पाळ जाणतात!

“मग त्ये आलं फोनवर. मला कुठलं वाचता येतंया? डेरीवर दूध घालाय गेले, तितल्या बाईला म्हनलं, बग गं काय आलंय. ती वाचाय लागली. ‘ताई, लई दिस झालं, आठवण येती.’ अन् मदीच गप झाली. म्हनलं, काय झालं? म्हनली, मावशे, काय न्हाई, फालतू हाय, पुसून टाकते. म्हनलं, आधी वाच. मग वाचलं तिनं. ‘कपाळ मोकळं का?’”

टप.

“रडाय लागली बिचारी. तीच. म्हनली, पुसू का? म्हनलं, न्हाई. ऱ्हाऊ दे.”

“का?” पोरानं विचारलं.

बुवांनी शेंगांकडं हात नेला, आणि परत घेतला.

बायनाक्कानं पहिल्यांदा वर बघितलं.

“आरं बाबा, गावात समद्यांस्नी ठाव हाय. मग कोण इचारंल? भाऊ न्हाई इचारत. जाऊ न्हाई इचारत. कपाळाकडं बगत्यात अन् नजर काढून घेत्यात. ह्येनंच इचारलं. का, म्हनून. ह्येला ठाव न्हाई म्हनून इचारलं.” तिनं एक किडकी शेंग बाजूला फेकली. “म्हनलं, चला… एक्या जागी तरी माजा मालक अजून जित्ता हाय.”

पोराच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“मग… पाकीट?”

“आणलं. एक टिकली आरशाला लावली. मदोमद. सकाळी येणी घालताना जरा वाकून उभी ऱ्हाती, म्हंजी ती बराबर हितं येती.” तिचं बोट कपाळापर्यंत गेलं, पण टेकलं नाही. “कपाळाला न्हाई लावत. ह्या वयात कुणासंगं भांडू? पर आरशातल्या बाईला कोण काय म्हणतंय?”

“आणि दुसरं पाकीट?”

“कशाला? एक टिकली पुरती की. पडंपत्तूर.”

“म्हणजे वर्षभरानं मशीन तुम्हाला पुन्हा हरवलेल्यांत टाकणार,” पोरगं पुटपुटलं. तिला सांगत नव्हतं. कुणालाच सांगत नव्हतं.

“टाकू दे की. हरवलेल्याला निदान हाक तरी मारत्यात.” बायनाक्कानं पदर सारखा केला. “अन् तुमी कशाला आलायसा, येवढ्या लांब?”

पोरानं बुवांकडं बघितलं. बुवांनी काही मदत केली नाही.

“आम्ही… माफी मागणार आहोत मावशी. सगळ्यांची. मेसेज तयार आहे.”

“कशाची माफी?”

“त्या मेसेजची.”

“वाचा बगू.”

त्यानं लॅपटॉप ओढला. मांडीवरच्या शेंगा सांडल्या. घसा साफ केला. सकाळी तोच मेसेज त्यानं बुवांना झोकात वाचून दाखवला होता. आता वाचताना जीभ अडखळत होती.

“‘आदरणीय भगिनी, आपले पती हयात नसल्याची आम्हाला कल्पना नव्हती. आमच्याकडून अनवधानानं आपल्याला मेसेज गेला. आपल्या भावना दुखावल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. यापुढं आपल्याला आमच्याकडून कोणताही मेसेज येणार नाही.’”

बायनाक्का ऐकून घेत होती. मान हलवत होती, जशी कीर्तनात हलवतात. संपल्यावरही थोडा वेळ हलवत राहिली.

“म्हंजी आता त्यांस्नी बी कळलं,” ती म्हणाली.

पोरानं लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला.

तिनं सालपटं गोळा केली. शेळीला होतील म्हणून पदरात बांधली. दाण्यांची टोपली समाधीपाशी ठेवली, हात जोडले आणि पायरी उतरताना मागं वळून म्हणाली, “बुवा, आज मीठ जरा बेतानं घाला आमटीत. पाय बगा केवढं सुजल्यात.”

गेली.

पोरगं बसून होतं. उन्हाची तिरीप त्याच्या मोज्यांवर आली होती. लॅपटॉपच्या पडद्यावर उजेड पडल्यामुळं ती हिरवी रेघ दिसेनाशी झाली होती.

“तुम्हाला माहीत होतं महाराज? म्हणून तिला विचारलंत?”

“मला काय म्हाईत? शेंगा सोलायच्या होत्या.”

“मग ती बोलली कशी?”

“तू गप बसलास.”

पोरानं कपाळ चोळलं. मग एकदम आठवल्यासारखं म्हणालं, “तो काच फोडणारा… तो नुसता भांडायला आला नसेल. त्याला काहीतरी सांगायचं असेल. त्याच्या बहिणीच्या सासरच्यांना वाटलं असेल, ‘तुमची आठवण येते’ हे कुण्या पुरुषानंच पाठवलंय. असेल ना? तिला माफीचा कागदच हवा असेल, घरी दाखवायला. तो मेसेज कंपनीनं पाठवला होता म्हणून. किंवा… नसेलही. वेगळंच काही असेल.”

“असंल.”

“म्हणजे हिला माफी नको, आणि तिला माफीशिवाय चालायचं नाही.”

“आता पुन्हा धरायला लागलास.”



पोराच्या खिशात फोन वाजला. शेठचा. त्यानं घेतला. शेठचा आवाज एवढा मोठा की ओट्यावर सगळं ऐकू येत होतं. बुवांना ऐकायचं नव्हतं, पण इलाज नव्हता.

“काय म्हणाले महाराज? फोटो काढलास? पाठवू का सगळ्यांना?”

“शेठ… आज नका पाठवू.”

“काय?”

“थोडे दिवस द्या मला. इथं एका बाईशी बोललो.”

“किती?”

“एका.”

पलीकडं शेठ हसले. हसणं काही चांगलं नव्हतं.

“मिहीर, त्या फिरणाऱ्या बायकांना तूच घालवलंस ना? एका-एका बाईच्या गोष्टी काय घेऊन येता, असं तूच म्हणाला होतास ना, माझ्या केबिनमध्ये उभा राहून?”

“हो.”

“मग? हजारो बायकांत ही एक बाई. त्यावर मी मोर्चा अंगावर घेऊ?”

“नाही शेठ. पण सगळ्यांना एकच मेसेज जाता कामा नये. तो पहिला सगळ्यांना एकच गेला, तिथंच…”

“संध्याकाळच्या आत मेसेज गेला पाहिजे. फोटोसकट. नाहीतर उद्या यायचं काम नाही. कळलं?”

“कळलं.”

“काय कळलं?”

पोरानं फोनकडं बघितलं.

“माझ्या हातून नाही जाणार शेठ तो.”

फोन बंद झाला. कुणी बंद केला ते काही समजलं नाही.

त्यानं लॅपटॉप मिटला. इतका वेळ ताठ असलेली पाठ खाली आली. बुवांनी त्याच्याकडं नीट बघितलं. आता तो साहेब वाटत नव्हता. उन्हातून चालून आलेलं, दमलेलं, कुणाचं तरी पोर वाटत होतं. बुवांना वाटलं, याला पाणी द्यावं. पण उठायचं म्हणजे गुडघे. त्यांनी तांब्या नुसता त्याच्याकडं ढकलला.

तो घटाघटा प्याला.

“शेठ चुकीचं बोलत नाहीत, महाराज,” तोंड पुसत तो म्हणाला. “एक बाई म्हणजे काहीच नाही. मी पण हेच म्हणत होतो.”

“हं.”

“तुम्ही काहीच म्हणत नाही. फोटो देत नाही, नाही म्हणत नाही.”

“दमलोय बाबा.”

“मी पण.”

“दिसतंय.”

गार वारा सुटला. बांधावरचा बैल सुटून घराकडं निघाला होता.

“समजा मी गेलो,” पोरगं म्हणालं. “दारोदार. नोकरी नाही, कारखान्याची गाडी नाही, काही नाही. तरी गेलो. प्रत्येकीपुढं असं बसलो, गप्प… ती बोलेपर्यंत. एकेकीला एक दुपार लागणार. कुणी हाकलून देईल. कुणी दारच उघडणार नाही. आणि महाराज, त्या हजारो आहेत! हजारो! एवढ्या बायांकडं एकटा माणूस जाणार तरी कसा?”

गुंडाबुवा कूस बदलून भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. घोंगडी खांद्यावर ओढून घेतली. दम लागला होता. तो ओसरेपर्यंत पोरगं वाट बघत राहिलं.

“पाठवताना,” बुवा भिंतीला म्हणाले, “एवढ्या न्हवत्या वाटल्या रं तुला त्या.”